दादर ज्वारीच्या घरगुती नूडल्स उकळत्या पाण्यात विरघळतात, काय चुकते?

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. शाळेतून आलेल्या मुलांना आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीन वेळा पाकिटातल्या नूडल्स दिल्या जातात. मागच्या महिन्यात मी पाकिटावरची बारीक अक्षरे प्रथमच नीट वाचली: मैदा, पाम तेल आणि एका पाकिटामागे जवळजवळ 900 मिलिग्रॅम सोडियम. ज्या खानदेशात उन्हाळाभर गच्चीवर पापड, बिबडे, कुरडया आणि शेवया वाळतात, तिथे मुलांच्या आवडीचा हा एक पदार्थ घरी का होऊ नये, असे तेव्हापासून मनात आहे.

म्हणून दोन वाट्या दादरचे, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचे पीठ आणि एक वाटी कणीक घट्ट भिजवून सोऱ्यातून शेवया पाडल्या आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या. दिसायला सुरेख झाल्या. परंतु उकळत्या पाण्यात घालताच तुटल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पातेल्यात आंबिलीसारखे दाट पाणी उरले. पिठाचे प्रमाण चुकले की कृती? मसाल्याची पुडीही घरी करायची आहे. नुसते पीठ बदलून तीच विकतची पुडी वापरण्यात मला अर्थ दिसत नाही.

उत्तर 1 (यावल तालुका)

ताई, कुरडई आठवा. गहू तीन दिवस भिजवून काढलेला चीक आपण कच्चा कधी सोऱ्यात भरत नाही. आधी शिजवतो, घोटतो आणि गरम असतानाच पाडतो. बिबड्यांचेही तसेच आहे. कच्चे पीठ नुसते वाळवले, तर त्याचा आकार केवळ कोरडेपणाने टिकलेला असतो आणि पाणी लागताच सुटतो. गव्हाला अंगचा चिकटपणा असल्यामुळे त्याच्या शेवया कच्च्या वाळवल्या तरी निभावतात. ज्वारीत तो चिकटपणा नसतो, आणि आपण तर ज्वारी दुप्पट घेतलीत.

मी प्रमाण उलट ठेवते: कणीक दोन वाट्या, दादर एक वाटी. दादरच्या पिठाची वाटीभर उकळत्या पाण्यात उकड काढावी, ती कोमट झाल्यावर कणकेत मिसळून चांगली मळावी, सोऱ्याने थेट तेलाचा हात लावलेल्या चाळणीवर पाडावी आणि मोदकपात्रात 12 ते 15 मिनिटे वाफवावी. बाहेर काढल्यावर लगेच सोडवू नका. झाकून दोन तास निवू द्या. ज्वारीची उकड निवली की घट्ट होते, मग शेवया बोटांनी अलगद सुट्या होतात. त्यानंतर आणखी एक काळजी घ्यावी लागते. गेल्या वैशाखात मी त्या वाफेवरून काढून सरळ उन्हात टाकल्या, तर वरून कडक आणि आत ओल्या राहून तडकल्या आणि निम्म्यांचा चुरा झाला. आता पहिले तीन तास सावलीत, पातळ सुती कापडाखाली ठेवते आणि मग उन्हात नेते.

उत्तर 2 (धुळे)

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो. वरच्या उत्तरात जे सांगितले आहे, तेच कारखान्यातही घडते. 1958 साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी झटपट नूडल्स बाजारात आणल्या, तेव्हा त्यांची युक्ती हीच होती की नूडल्स आधी शिजवून मग झपाट्याने कोरड्या करायच्या. आजही त्या वाफवतात आणि साधारण 140 ते 160 अंश तापलेल्या तेलात एक-दोन मिनिटे तळतात. पाणी वाफ होऊन निघून जाते, मागे बारीक छिद्रे राहतात आणि त्या छिद्रांतून गरम पाणी आत शिरल्यामुळे नूडल्स दोन मिनिटांत मऊ होतात. मात्र त्याच प्रक्रियेत तेल आत जाते. तळलेल्या नूडल्समध्ये वजनाच्या 15 ते 20 टक्के तेल असते, गरम हवेवर वाळवलेल्यांत 3 टक्क्यांहून कमी. आपले वैशाखातले कोरडे ऊन गरम हवेचेच काम करते. छिद्रे कमी असल्यामुळे घरच्या नूडल्सना चार-पाच मिनिटे लागतील, हे मात्र मान्य करावे लागेल.

तंतूंचा फरकही मोठा आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात 3 ग्रॅमहून कमी. शिवाय दादर हे आपल्या काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर येणारे रब्बीचे पीक आहे; पाम तेल मात्र बहुतांशी इंडोनेशिया आणि मलेशियातून येते आणि तिथे त्याच्या लागवडीसाठी जंगले तुटली आहेत. बहुथरी प्लास्टिकचे पाकीट तर भंगारवालाही घेत नाही.

सोडियमविषयी एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 2,000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम, म्हणजे 5 ग्रॅमहून कमी मीठ, सुचवते. मुलांसाठी ही मर्यादा आणखी कमी. एका ग्रॅम मिठात सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असते. त्यामुळे घरच्या पुडीत अंदाजाने अर्धा चमचा मीठ पडले, तर पाकीट बरे होते असे म्हणण्याची वेळ येईल. पिठात पापडखार घालणार असाल, तर त्यातही सोडियम असते, ते मोजा. मीठ वजन करूनच घ्या.

उत्तर 3 (नंदुरबार)

पुडीसाठी आमच्या घरची रीत सांगतो. दहा वेळांसाठी 15 ग्रॅम मीठ, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम. त्यात धने, जिरे, भाजलेले तीळ, इथली लाल मिरची, सुका कांदा, लसणाची पूड आणि शेवग्याच्या वाळलेल्या पानांची पूड. आमचूर चिमूटभर जास्त घालतो, कारण आंबटपणामुळे कमी मीठ जाणवत नाही. सुके खोबरे पुडीत मिसळू नका, ते खवट होते. शिजवताना वरून घाला. गाजर आणि कोबी बारीक चिरून, उकळत्या पाण्यातून काढून याच दिवसांत वाळवून ठेवता येतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी उकड काढून, वाफवून आणि सांगितल्याप्रमाणे आधी सावलीत वाळवून पाहिल्या. पाच मिनिटांत शिजल्या, तुटल्या नाहीत आणि पाणी स्वच्छ राहिले. धाकट्याला मीठ कमी वाटले, म्हणून लिंबू पिळले, मग त्याने ताट पुसून खाल्ले. एका चाळणीवर जेमतेम दोन वेळांपुरत्याच मावतात. तेव्हा शेजारच्या दोघींना सोबत घेऊन, पावसाळ्यापूर्वी तीन मोदकपात्रे लावून चार किलोच्या करण्याचे ठरवले आहे.