अनुभव धागा : ठोकळ्यांतले आपले शहर

लेगोच्या ठोकळ्यांचे किल्ले आणि अंतराळयाने आपण पुष्कळ पाहतो. या धाग्यात मात्र ज्यांनी रोजचे शहर, म्हणजे गर्दी, रांग, बसथांबा, चहाची टपरी असे काही ठोकळ्यांत उतरवून पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. सुरुवात मीच करतो. एका काळ्या ठोकळ्यावर पिवळी चकती बसवली, एवढेच. ना चाके, ना काचा. तरी वडिलांनी लांबूनच विचारले, "मीटर टाकलास का?" मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण ती रंगजोडी काही डोळ्यांतून जात नाही.

डोंबिवलीहून :
घरच्या गणपतीच्या आराशीसाठी सकाळच्या लोकलचा डबा करायला घेतला आणि पहिल्याच बाकावर अडकलो. लेगोच्या माणसाचे पाय ठोकळ्यावरच्या दोन गोल उंचवट्यांएवढे रुंद असले, तरी हात बाहेर आलेले असल्यामुळे दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसवता येत नाहीत. जिथे तिघांच्या बाकावर चौथी सीट मागण्याची रीत, तिथे ही ऐसपैस मंडळी रविवार दुपारचे प्रवासी वाटू लागली. अखेर माणसे काढून टाकली आणि एका उंचवट्याचे रंगीबेरंगी ठोकळे दारापासून दारापर्यंत खच्चून भरले. आरतीला आलेल्या शेजाऱ्यांना न सांगता कळले; एकाने तर दारातल्या लाल ठोकळ्यावर बोट ठेवून "हा मी" असे जाहीर केले.

बर्लिनहून :
यान फोरमान हा कलाकार २००७ पासून गावोगावच्या पडझड झालेल्या भिंतींच्या भेगा ठोकळ्यांनी बुजवत आला आहे. ते पाहून सुट्टीत गिरगावला आल्यावर आमच्या चाळीच्या जिन्यातला एक ढासळलेला कोपरा मीही भरला. भेग काही काटकोनात पडत नाही, त्यामुळे कडेच्या फटी बुजवण्यातच दुपार गेली. आठवड्याभरात खालची रांग नाहीशी झाली; मुलांनी तिची डबलडेकर केली होती.

परळहून :
पावसाळ्यात पाण्याने तुंबलेला हिंदमाता चौक करताना मुलीने पाण्यासाठी पारदर्शक निळ्या चकत्या काढल्या. मी तपकिरी सुचवल्या. बराच वाद होऊन पाणी निळेच राहिले. त्यातून चप्पल हातात धरून चालणारा माणूस मात्र माझा आहे.