पेसमेकरची तुटलेली लीड: काढायची की टोपी घालून आतच ठेवायची?

आठफ्रेंच
जंतुसंसर्ग असेल तर वाद नाही. जनरेटर (पेसमेकरची बॅटरीची डबी) आणि सगळ्या लीड (तिथून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा) बाहेर. हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेच्या, हार्ट रिदम सोसायटीच्या, २०१७च्या निवेदनातही तो पहिल्या वर्गाचा सल्ला आहे. वाद आहे तो स्वच्छ पॉकेटमधल्या (जनरेटर ठेवायची कातडीखालची पिशवी) निकामी लीडचा. एक पेशंट धरून चालू: वय ४५, पूर्ण हार्ट ब्लॉक, डाव्या बाजूला दोन लीडचा पेसमेकर, लीड ९ वर्षांच्या. व्हेंट्रिकलच्या (हृदयाचा खालचा कप्पा) लीडचा बायपोलर इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ६०० ओहमवरून २५००च्या वर गेलाय. हात हलवला की नॉइज येतो, पेसमेकर त्यालाच ठोका समजतो आणि पेसिंग थांबवतो. फ्ल्युरोवर (चालू एक्स-रे) कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमटीत लीड दबलेली दिसते. सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालची शीर) फार आतल्या बाजूने टोचली की हे व्हायचंच.

माझं मत: काढा. या माणसाला अजून तीन-चार जनरेटर लागतील, किमान एखादी लीडही. लीड शिरेला, ट्रायकस्पिड झडपेला, शेजारच्या लीडला चिकटत जाते आणि पुढे त्या चिकट्यात चुना भरतो. आज ९ वर्षांची लीड अवघड वाटते, तर २५ वर्षांची कोण काढणार? उद्या पॉकेट चिघळलं तर टोपी घातलेलीही काढावीच लागेल, तीही आजारी पेशंटमधून. शिवाय आत सोडलेली लीड असली की 'एमआरआय चालेल' असं लेबल असलेला जनरेटर बसवूनही ते लेबल लागू होत नाही.

शिराळशेट
साफ असहमत. लीड काढण्याच्या युरोपच्या इलेक्ट्रा नोंदणीचे आकडे (२०१७) बघा: १९ देश, ७३ केंद्रं, साडेतीन हजारांवर पेशंट. प्रक्रियेमुळे मोठी गुंतागुंत १.७ टक्के, त्यात मृत्यू ०.५ टक्के. आकडे चांगलेच आहेत, पण ते त्या केंद्रांचे. वर्षाला चार-पाच लीड काढणाऱ्याने ते संमतीपत्रावर लिहू नयेत.

त्याच शिरेतून नवी लीड घालताना काय होतं? फुफ्फुसाला टोचणं, पॉकेटमध्ये रक्त साठणं, लीड सरकणं. त्रासदायक आहे, पण टेबलावर छाती उघडायची वेळ सहसा येत नाही. एसव्हीसी (छातीतून हृदयात उतरणारी मोठी शीर) फाटली तर हातात मिनिटं असतात. ४५ वर्षांच्या चालत्याफिरत्या माणसावर हा जुगार कशासाठी, तर वीस वर्षांनी कदाचित होणाऱ्या संसर्गासाठी? २०१७चंच निवेदन गर्दीची रेषा आखतं: एका बाजूने चारपेक्षा जास्त किंवा एसव्हीसीतून पाचपेक्षा जास्त लीड होणार असतील तर काढणं वाजवी. इथे होतील तीन.

आठफ्रेंच
तो नियम गर्दीचा आहे, वयाचा नाही. तरुण पेशंटबाबत तेच निवेदन पेशंटशी बोलून ठरवायला मोकळीक देतं. आणि एसव्हीसी फाटते ती बहुतेक घाईमुळे. जनरेटर सोडवा, सुचर स्लीव्ह (लीड स्नायूला बांधणारी बाही) कापून काढा, स्टायलेट (लीडच्या पोकळीत जाणारी बारीक तार) घालून लीडच्या टोकाचा स्क्रू आत घेऊन बघा. मग लीड कापा, आतली कॉइल मोकळी करा, गेज पिनने पोकळीचा व्यास मोजा आणि योग्य मापाचा लॉकिंग स्टायलेट (आत घट्ट अडकणारा) टोकापर्यंत नेऊन लॉक करा. इन्सुलेशनवर रेशमी धागा बांधून तो स्टायलेटच्या मागच्या टोकाला अडकवा, नाहीतर ओढताना आतली तार येते आणि इन्सुलेशन मागे राहतं. आता लीड ताठ रुळासारखी धरा आणि तिच्यावरून शीथ, म्हणजे चिकटा सोडवत जाणारी नळी.

लेसर असेल तर ३०८ नॅनोमीटर, शीथ सेकंदाला साधारण १ मिलिमीटर. त्याची भेदकता सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे ढकलून उपयोग नाही, थांबावं लागतं. शीथचं तिरकं तोंड एसव्हीसीच्या बाहेरच्या भिंतीकडे कधीही नको. टोकापासून १ सेंटिमीटरवर लेसर बंद. शीथ तिथेच टेकवून ठेवायची आणि लीड तिच्यात ओढून घ्यायची. हे सोडून नुसती ओढली तर व्हेंट्रिकलची भिंत आत ओढली जाते, बीपी पडतं आणि कधी तिथलाच तुकडा निघून येतो.

शिराळशेट
पुस्तकी क्रम बिनचूक. पण तुमच्याच उदाहरणात तो पहिल्या टप्प्यावर अडतो. लीड चिमटीत तुटली आहे म्हणता, मग लॉकिंग स्टायलेट तुटलेल्या कॉइलपलीकडे जाणार कसा? तो तिथेच अडकेल, पुढची सगळी लीड रूळ नसलेली. जोर लावलात तर तिथेच दोन तुकडे, आणि मग मांडीतून १६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ आणि नीडल्स आय स्नेअर (तुकडा पकडायचा फास). भीक नको पण कुत्रा आवर.

दुसरं, एट्रियमची (वरचा कप्पा) चांगली लीड त्याच मार्गात, त्याच चिकट्यात आहे. शीथ तिचं इन्सुलेशन खरवडते किंवा टोक सुटतं. एक काढायला जाऊन दोन बदलाव्या लागल्या, की 'शिरेतली गर्दी कमी केली' हा मुद्दाच संपला.

प्रोग्रामरवाली
आधी एक साधी गोष्ट बघा, ती दोघांच्याही उपयोगाची आहे. कोॲक्सियल बायपोलर लीडमध्ये दोन कॉइल असतात: आतली टोकाला जाते, बाहेरची रिंगला. चिमटीत बाहेरची एकटीच तुटलेली असू शकते. प्रोग्रामरवर पोलॅरिटी युनिपोलर करा (रिंग वगळून) आणि टोक ते कॅन (जनरेटरचं कवच) इम्पिडन्स मोजा, तेही पेशंटचा हात वर, मागे, छातीवरून पलीकडे नेऊन. आकडा ५००-७०० ओहमवर स्थिर आणि थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारी किमान वीज) पूर्वीचाच, तर आतली कॉइल बहुधा शाबूत आहे. स्टायलेट जाण्याची शक्यता चांगली.

पण पेशंटला युनिपोलरवर घरी पाठवून निवांत बसू नका. युनिपोलर सेन्सिंग छातीच्या स्नायूंचे सिग्नल उचलतं. हा पेशंट पेसिंगवर पूर्ण अवलंबून आहे. जड पिशवी उचलली आणि पेसिंग थांबलं तर चक्कर तिथेच. फार तर काही दिवस, सेन्सिटिव्हिटी बोथट करून, शक्यतो वॉर्डातच. अशा पेशंटला या लीडच्या भरवशावर ठेवता येत नाही, तेव्हा पुढची तारीख लांबवू नका.

भूलवाली
टेबलाच्या डोक्याकडून दोन शब्द. काढायची तर पूर्ण भूल, आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत बीपी), टीईई (अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी), मांडीत मोठी नळी, क्रॉसमॅच केलेलं रक्त खोलीत (रक्तपेढीत नव्हे), पेशंट मानेपासून मांडीपर्यंत जंतुनाशकाने रंगवलेला आणि छातीचं हाड कापायची करवत ट्रॉलीवर. सर्जन 'फोनवर उपलब्ध' असणं म्हणजे उपलब्ध नसणं.

एक फसवी जागा: एसव्हीसीचा वरचा भाग पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीची पिशवी) बाहेर आहे. तिथे फाटलं तर टीईईवर हृदयाभोवती काहीच दिसत नाही आणि रक्त उजव्या प्ल्युरात (फुफ्फुसाभोवतीची पोकळी) जातं. बीपी पडलं आणि टीईई स्वच्छ दिसला, की लगेच फ्ल्युरो उजव्या छातीवर. एसव्हीसी बंद करणारा फुगा वापरायचा तर त्याची वायर मांडीतून वर आधीच नेऊन ठेवा. फाटल्यावर वायर शोधत बसलात तर फुगा खोक्यातच राहील. तो भरायला सुमारे ६० मिली लागतात. पातळ केलेल्या डायची सिरिंज भरून ठेवा.

शिराळशेट
माझी बाजू याहून चांगली मलाही मांडता आली नसती. ही जमवाजमव आपल्याकडे किती ठिकाणी होते? लेसरची यंत्रं मोजकी आहेत. हाताने फिरवायच्या शीथला यंत्र लागत नाही हे खरं, पण सर्जन आणि करवत लागतेच.

फिस्टुलावाला
नेफ्रॉलॉजीकडून आडवा प्रश्न: याच पेशंटचं क्रिॲटिनिन चढतं असेल, म्हणजे किडनी बिघडत असेल तर? तिसरी लीड म्हणजे त्या बाजूची शीर आखडण्याची आणखी एक संधी. पुढे त्याच हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी-शीर जोडणी) केला तर हात सुजतो, फिस्टुला नीट चालत नाही, उजव्या गळ्यातला कॅथेटरसुद्धा त्याच एसव्हीसीत उतरणार. आत चिकटलेले टनेल्ड (कातडीखालून नेलेले डायलिसिसचे) कॅथेटर आम्हीही काढतो, पण तिथे पोकळी मोठी असते: आतून फुगा फुगवून कॅथेटर रुंदावला की चिकटा सुटतो. लीडला ती सोय नाही. अशा पेशंटला मी जुनी काढा म्हणेन, किंवा नवी शिरेतून घालूच नका: लीडलेस (हृदयातच बसणारा बिनतारी पेसमेकर) नाहीतर एपिकार्डियल (हृदयाच्या बाहेरून लावलेली लीड).

आठफ्रेंच
क्रिॲटिनिनचा मुद्दा मान्य. स्टायलेटबद्दल शिराळशेट बरोबर आहेत, मी ते गृहीत धरलं होतं. माझा निर्णय आता असा: पॉकेट उघडण्याआधी डाव्या हातातून २० मिली डाय देऊन व्हेनोग्राम (शिरेचा एक्स-रे). शीर मोकळी आणि युनिपोलर मोजणीही बिघडलेली, तर टोपी घालायला माझी हरकत नाही. पण शीर बंद असेल तर काढणंच शहाणपणाचं, कारण काढता काढता शीथ जो मार्ग करते त्यातूनच वायर ठेवून नवी लीड आत जाते. उजवीकडून घालून छातीवरून बोगदा करायचा म्हणजे चांगली बाजूही वापरून टाकली.

शिराळशेट
शीर बंद, वय ४५, सर्जन खोलीत: काढा. यातलं एक जरी नसेल तर मी टोपीच घालेन, किंवा पेशंट मोठ्या केंद्रात पाठवेन.

प्रोग्रामरवाली
टोपी घालणाऱ्यांसाठी: लीड आखूड कापू नका. कापलेलं टोक आत सरकतं, शिरेत जातं, आणि पुढच्याला वरून पकडायला काही उरत नाही. पूर्ण लांबी ठेवा, कनेक्टरवर सिलिकॉनची टोपी, न विरघळणारा धागा, स्लीव्ह स्नायूच्या आवरणाला पक्की, वेटोळं जनरेटरच्या मागे. आणि डिस्चार्ज कार्डावर लीडचं मॉडेल, सिरियल नंबर, घातल्याची तारीख आणि 'आत सोडलेली' हे शब्द ठळक लिहा. लीड बिनपोकळीची ४.१ फ्रेंचची असेल तर तेही लिहा. तिच्यात लॉकिंग स्टायलेट जातच नाही, आणि पुढचा माणूस तास-दीड तास गेज पिन फिरवत बसेल.