राणीछाप रुपया खरा की खोटा?

प्रश्न (अमळनेर): आजीच्या देवघरातील 1862 सालचा राणीछाप रुपया घरच्या काट्यावर 10.2 ग्रॅम भरतो आणि चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा तो खरा मानावा काय?

उत्तर (जळगाव): चुंबकावर विसंबू नका, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (तांबे, निकेल व जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) त्याला चिकटत नाहीत. अस्सल रुपया 11.66 ग्रॅमचा असून त्यात चांदी सुमारे 91.7 टक्के असते. झिजेने थोडी तूट येते, पण दीड ग्रॅमची तूट संशयास्पद आहे, विशेषतः राणीच्या केसांच्या रेषा अजून ठसठशीत असतील तर. सराफाच्या कसोटीवरही वरवर घासून भागत नाही. मुलामा असल्यास चांदीचाच कस उमटतो.

उत्तर (धुळे): कडेचे दाते भिंगाखाली पाहा, ओतीव (साच्यात ओतलेल्या बनावट) नाण्यात ते अनेकदा बुजलेले असतात आणि कडेवर सांध्याची बारीक रेघ दिसते. शिवाय 1862 च्या नाण्यावर ‘क्वीन’ हवे, कारण ‘एम्प्रेस’ 1877 पासून आले. दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोलल्यास पूर्ण वजनाचे अस्सल नाणे सुमारे 1.13 ग्रॅमने हलके भरते. (चिंचेने घासू मात्र नका.)

प्रश्नकर्ता: सांधा स्पष्ट दिसला. आई म्हणते, लक्ष्मीपूजनाला तरीही हाच रुपया ठेवायचा.