शब्दचर्चा : ‘रेसिझम’ आजीला कसा सांगायचा?

प्रश्न (न्यू जर्सीहून)

मी इथे दर रविवारी मुलांना मराठी शिकवते. गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर तेरा वर्षांची एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. ‘‘मावशी, रेसिस्टला मराठीत काय म्हणतात? मला आजीला सांगायचंय.’’ मी फळ्यावर ‘वर्णद्वेषी’ लिहिलं. तिने अक्षरं लावत दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘हे आजीला कळेल?’’

आजी सांगलीला असते. सातवी शिकलेली, पेपर रोज वाचणारी. तरी ‘‘हो, कळेल’’ असं माझ्या तोंडून निघेना.

झालं होतं ते असं. शाळेच्या बसमध्ये एक मुलगा आठवडाभर हिच्याकडे बघून नाक दाबायचा, कारण डब्यात लसणाची चटणी. शुक्रवारी म्हणाला, ‘‘तुमच्या देशात परत जा.’’ हिचा जन्म इथलाच, घरापासून बारा मैलांवरच्या इस्पितळातला. शाळेने ‘मुलं आहेत, बोलतात’ म्हणून विषय मिटवला.

जाणकारांनी सांगावं : वंशवाद, वंशभेद, वर्णभेद, वर्णद्वेष यांत नेमका फरक काय? आणि घरात, फोनवर, सहज वापरता येईल असा शब्द कोणता?

नागपूरहून

ताई, माझ्या समजुतीप्रमाणे ‘वंशवाद’ ही विचारसरणी. माणसांचे वंश असतात आणि त्यांत काही वरचे, काही खालचे असतात असं मानणं. ‘वंशभेद’ आणि ‘वर्णभेद’ म्हणजे त्या मानण्यातून आलेली वागणूक आणि कायदे. दक्षिण आफ्रिकेतल्या राजवटीबद्दल आपल्या वर्तमानपत्रांनी ‘वर्णभेदी’ आणि ‘वर्णद्वेषी’ दोन्ही शब्द इतकी वर्षं वापरले की ते वाचले की डोळ्यांसमोर परदेशातलं सरकार उभं राहतं, बसमधला पोरगा नाही.

शिवाय ‘वर्ण’ हा शब्द तीन घरचा पाहुणा. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. अमेरिकेविषयी लिहिताना ‘वर्णव्यवस्था’ म्हटलं की वाचक थेट मनुस्मृतीत जाऊन पोचतो. म्हणून मी ‘वंशवाद’ वापरतो.

ठाण्याहून

‘वंश’ तरी कुठे नीट बसतो? वंशाचा दिवा, वंशवेल, निर्वंश. आपल्या कानाला वंश म्हणजे घराणं. अमेरिकेतली ‘रेस’ घराण्यावर ठरलेली नाही, ती कागदावर ठरत आली आहे. मी वकिली करते, म्हणून एक खटला सांगते. तो मुळात शब्दार्थाचाच खटला होता.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या माणसां’ना नागरिकत्व मिळू शकत होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई बाहेरच राहिले. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुझी कातडी कितीही उजळ असो, गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे तेव्हाच्या वंशशास्त्राने ‘गोरा’ ठरवलेल्या गटातला. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांची पाळी आली. त्यांचं म्हणणं, तुमच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर भारतातला मी कॉकेशियन ठरतो. त्यांच्या बाजूने ‘उच्च जातीचा हिंदू’ असल्याचाही दाखला पुढे केला गेला, होते ते शीख. न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिले. तीन महिन्यांत फूटपट्टी बदलली, कारण पहिल्या फूटपट्टीने नको तो माणूस आत येत होता.

पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आला. दहा वर्षांत आजोबांचा वंश बदलला, आजोबा तेच.

न्यू जर्सीहून

ठाण्याच्या ताई, हा खटला मी वर्गात सांगणार आहे.

मला मात्र ‘वर्ण’ किंवा ‘वंश’ यांच्याइतकाच ‘द्वेष’ खटकतो. द्वेष म्हणजे मनातली आग. द्वेष इथे आहेच, नाही असं नाही. १९८७ मध्ये आमच्या शेजारच्या जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी होती. डॉट म्हणजे आपली टिकली. भारतीयांना इथून घालवून देऊ अशी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून धमकी दिली होती, आणि लोकांना मारहाण झाली. त्याला वर्णद्वेष म्हणा, वंशद्वेष म्हणा, शब्द पुरतो.

पण रोज भेटतो तो प्रकार निराळा. माझ्या शेजारणीचा माझ्यावर जीव आहे. माझ्या बाळंतपणात तिने तीन आठवडे सूप करून आणून दिलं. तीच मला पंधरा वर्षांनी पाहुण्यांसमोर म्हणते, ‘‘हिचं इंग्रजी किती छान आहे ना!’’ तिला द्वेषी कसं म्हणू? हार्वर्डमधले मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पीअर्स यांनी १९७० मध्ये अशा लहानसहान घावांसाठी ‘मायक्रोअॅग्रेशन’ हा शब्द घडवला. त्याचं ‘सूक्ष्म आक्रमण’ असं भाषांतर मी वाचलंय. ते ऐकून रोगजंतू आठवतात. मी मुलांना ‘कुसळ’ सांगते. गवतातून चालून आल्यावर मोज्यात राहतं ते. बाहेरून दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला टोचतं, आणि ज्याच्या पायात आहे त्यालाच कळतं.

सध्या अमेरिकेत जे कडाक्याचं भांडण चालू आहे, त्याच्या मुळाशीही हाच शब्दार्थ आहे, असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, रेसिझम म्हणजे एखाद्याच्या मनातला द्वेष. माझ्या मनात तो नाही, मग मला बोल का लावता? दुसरी बाजू म्हणते, मनाचं सोडा, रचना बघा. २०२० च्या मे महिन्यात मिनिॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. त्यानंतरच्या दिवसांत नुकत्याच पदवीधर झालेल्या एका कृष्णवर्णीय तरुणीने मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाला लिहिलं, की तुमच्या व्याख्येत रचना नीट येत नाही, आणि लोक वादात तुमचा कोश माझ्या तोंडावर फेकतात. संपादकांनी व्याख्या सुधारायचं मान्य केलं. घरोघरी जेवणाच्या टेबलावर चाललेलं भांडण कोशाच्या कचेरीत जाऊन पोचलं होतं.

रचना म्हणजे काय, ते नकाशावर बघता येतं. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि कर्जासाठी धोक्याचा तो लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल. आमच्या शेजारच्या न्यूअर्कचाही असा नकाशा आहे. लाल भागात घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल, म्हणून घर नाही, म्हणून मुलांना मागे ठेवायला काही नाही. घर देताना असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. याला इंग्रजीत ‘रेडलायनिंग’ म्हणतात. ‘लाल रेघ’ म्हणून मराठीत काही पोचत नाही. ‘गावकुसाबाहेर ठेवणं’ म्हणा, सांगलीच्या आजीला पुढचं समजावावं लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की नाम शोधण्याऐवजी क्रियापद शोधावं. हिणवणं, हिडीसफिडीस करणं, पंगतीतून उठवणं, आणि या सगळ्यांत नेमकं म्हणजे ‘पायरी दाखवणं’. ‘आपल्या पायरीने राहावं’ हे मराठीत किती पिढ्यांना ऐकवलं गेलंय! पायरी दाखवायला द्वेष लागत नाही. हसत हसत, सूप आणून देतानाही ती दाखवता येते.

पुण्याहून

एक उपप्रश्न. ‘ब्लॅक’ला काय लिहावं? जुन्या मराठी मजकुरात ‘निग्रो’ सर्रास दिसतो, तो आता नको हे कळतं. ‘काळा’ लिहिताना हात अडखळतो, ‘कृष्णवर्णीय’ सरकारी वाटतो.

न्यू जर्सीहून

इंग्रजीतही हा प्रवास सोपा नव्हता. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस आणि इतरांनी ‘निग्रो’चं पहिलं अक्षर मोठं छापा म्हणून वर्षानुवर्षं आग्रह धरला, तेव्हा कुठे १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते मानलं. पुढे तो शब्दच मागे पडला, ‘ब्लॅक’ आला, १९८८ मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’चा पुकारा केला. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’चं पहिलं अक्षर मोठं केलं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. आपल्याकडे मान अक्षराच्या उंचीत दिसत नाही, क्रियापदात दिसतो.

इथेच आपली परीक्षा आहे. इथल्या मराठी घरांत कान देऊन ऐका. गोरा प्लंबर ‘आले होते’, काळा प्लंबर ‘आला होता’. वय तेच, काम तेच. नाम ‘कृष्णवर्णीय’ लिहून सोवळं पाळायचं आणि क्रियापदात पायरी दाखवायची, हे मी स्वतः कितीदा केलंय.

‘काळा’ हा शब्द मुळात वाईट नाही. आपला विठ्ठल काळा, आपली जमीन काळी आई. पिकते ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी, असं जुने लोक म्हणायचे. काळे आणि गोरे दोन्ही आडनावं, दोघांच्या घरी सोयरीक होते. त्याच भाषेत तोंड काळं करणंही आहे, काळा बाजार आहे, आणि ‘मुलगी नाकीडोळी नीटस, पण रंगाने जरा डावी’ हेही आहे. ‘काळे लोक’ चालेल, पुढे आदरार्थी क्रियापद असेल तर. ‘काळ्या’ कधीच नाही.

एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती. त्या शुक्रवारी मुलगी घरी आली तेव्हा तिची जिवाभावाची मैत्रीण सोबत होती. ती कृष्णवर्णीय आहे. दोघी ओट्याशी बसून चिवडा खात होत्या आणि सांगलीचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर होता. मुलीने बसमधलं सांगितलं. आजीचा पहिला प्रश्न : ‘‘काळा होता का गं तो?’’

तो मुलगा गोरा होता. पण मुद्दा तो नाही. या घरात फ्रिजवर रंगांच्या मराठी नावांची चुंबकं आहेत, आणि ही मैत्रीण पहिलीपासून त्या स्वयंपाकघरात वाढलीय. लाल, पिवळा, हिरवा, काळा तिला पाठ आहेत. तिने चिवड्याची वाटी खाली ठेवली आणि ‘आई बोलावतेय’ म्हणून घरी गेली.

‘‘मला आजीला सांगायचंय’’ म्हणजे काय सांगायचंय, हे मला तेव्हा कळलं.

फ्रीमाँटहून

मन हललं. पण ‘पायरी’, ‘गावकूस’, ‘पंगत’ यांना माझा विरोध आहे. हे जातीचे शब्द आहेत. २०२३ मध्ये सिअॅटलने जातिभेदाला बंदी घातली, मग आमच्या कॅलिफोर्नियात तशाच बंदीचं ४०३ क्रमांकाचं विधेयक आलं. ओळखीतल्या घरांत दोन तट पडले, सख्खे मित्र बोलेनासे झाले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला, तरी तट आहेत तसे आहेत. जात आणि रेस यांची सरमिसळ नको. रंग रस्त्यापलीकडून दिसतो, जात आडनाव विचारून काढावी लागते.

न्यू जर्सीहून

दादा, शेवटचं वाक्य अगदी खरं, आणि तो फरक पुसू नये. ‘जातिवाद’ हा ‘रेसिझम’चा प्रतिशब्द म्हणून मीही वापरणार नाही.

पण दोन्हींची तुलना आज कोणी राजकारणासाठी काढलेली नाही. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून कळवलं, की अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास गरजेचाच ठरतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. ये-जा दोन्हीकडून आहे. इंग्रजीतला ‘कास्ट’ तरी कुठला? पोर्तुगिजांच्या ‘कास्ता’तून आलेला, आणि ते तो शब्द गोव्यात आणि किनाऱ्यावर आपल्याच समाजासाठी वापरत होते.

ज्या भाषेने पायरी दाखवली, तिनेच पायरी ओळखायचे शब्दही सांभाळले. ते ज्यांनी सोसलं त्यांच्यामुळे टिकले, म्हणून ते वापरताना कुठून आले हे सांगून वापरावेत, एवढी तुमची हरकत मी मान्य करते.

मुलीला मी सगळे शब्द दिले. तिने वहीत स्वतःच वाक्य जुळवलं : ‘आजी, त्या मुलाने मला पायरी दाखवली, आणि तू माझ्या मैत्रिणीला दाखवलीस.’ मग विचारलं, ‘‘मावशी, ‘दाखवलीस’ उद्धट वाटतं का? ‘दाखवलीत’ करू?’’ मी म्हटलं, आजीला आपण ‘तू’च म्हणतो, जवळची असते म्हणून.

तिने ‘दाखवलीस’ तसंच ठेवलंय. फोन येत्या रविवारी आहे, आणि मैत्रिणीलाही बोलावलंय.