शाळेची अंतर्गत चौकशी होईपर्यंत पालकांनी थांबावे का?

पालक, मानेवाडा
नमस्कार. माझी मुलगी शहरातील एका खासगी शाळेत दुसरीत शिकते. शाळेच्या व्हॅनमधून मुलांना उतरवून घेणारा मदतनीस आपल्याला उगाच जवळ ओढतो आणि कुठेही हात लावतो, असे तिच्या वर्गमैत्रिणीने तिला सांगितले. मैत्रिणीच्या आईला बरोबर घेऊन मी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी ऐकून घेतले, पण "आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, लगेच पोलिसांत गेलात तर मुलीचेच नाव होईल" असे सांगितले आणि शाळेत सर्वत्र सीसीटीव्ही असल्याचेही ऐकवले. व्हॅनमध्ये मात्र कॅमेरा नाही. आता त्या मुलीच्या घरचे बदनामीच्या भीतीने कचरत आहेत. आम्ही थांबावे का? आणि मुलगी माझी नसताना मी तक्रार करू शकते का?

वकील, सिव्हिल लाइन्स
ताई, थांबू नका, आणि तक्रार आपणही करू शकता. पॉक्सो अधिनियम, 2012 (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम 19 नुसार असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची असते. शाळेची चौकशी आधी पूर्ण व्हावी, अशी अट कायद्यात कुठेही नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास त्याच कलमाचे संरक्षण आहे. उलट, हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, हे मुख्याध्यापकांच्या नजरेस आणून द्यावे.

नावाच्या भीतीचे म्हणाल, तर मुलीची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. "नुसता कपड्यांवरून हात लावला" म्हणून प्रकरण किरकोळ ठरवू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्वचेचा थेट स्पर्श नसल्याच्या कारणावरून लैंगिक हल्ल्याचा आरोप अमान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये तो निकाल रद्द केला आणि महत्त्व लैंगिक हेतूला आहे, हे स्पष्ट केले.

निवृत्त मुख्याध्यापिका, महाल
वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, पण कायद्याइतकीच काळजी मुलीशी बोलताना घ्यावी लागते. आई विचारते, मग आजी, मग मामा, मग वर्गशिक्षिका. प्रत्येक वेळी प्रश्नातूनच उत्तर सुचवले जाते आणि शेवटी मूल तरी गप्प होते किंवा मोठ्यांना हवे ते बोलू लागते. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून एकदा लिहून ठेवा आणि पुन्हा खोदून विचारू नका. खात्री करून घेण्यासाठी तिला त्या मदतनिसासमोर तर मुळीच उभे करू नका. शाळेच्या "अंतर्गत चौकशीत" नेमके हेच घडण्याची मला अधिक भीती वाटते.

शाळेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी निघालेल्या शासन निर्णयानुसार शाळेने अशी घटना 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायची आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती केव्हा बसली, तेही विचारा. ही समिती 2022 पासून बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ती फक्त फलकावर असते, हे मी सेवेत असल्यापासून पाहत आले आहे. कॅमेऱ्यांचा अभिमान सांगणाऱ्या शाळेत मुलाने कोणाला सांगायचे, हे मुलांना माहीत असतेच असे नाही.

शालेय परिवहन समितीचा पालक सदस्य, प्रतापनगर
"व्हॅन खासगी आहे, आमची जबाबदारी नाही" असे उत्तर बहुधा येईल. ते मान्य करू नका. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमायला लावली आहे आणि मुलींच्या वाहतुकीसाठी महिला सहायक ठेवायला सांगितले आहे. त्या मदतनिसाची पोलीस पडताळणी झाली होती का, हेही लेखी विचारा. ठाण्यात एकदम जाण्याचे धाडस होत नसेल, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते.

पालक, मानेवाडा
सर्वांचे आभार. मैत्रिणीच्या आईला ही उत्तरे वाचून दाखवली. मुलीची ओळख गुप्त राहते आणि पोलीस घरी येतात, हे तिला ठाऊकच नव्हते. उद्या आम्ही दोघी ठाण्यात जात आहोत. दोन्ही मुलींची व्हॅन बंद केली आहे, परंतु बाकीची मुले अजून त्याच व्हॅनने जातात, म्हणून त्या मदतनिसाला तूर्त मुलांपासून दूर ठेवावे, अशी मागणी शाळेच्या अर्जात सर्वांत वर लिहिली आहे.