'गेट' आलं की मराठीत काय लिहायचं?

उपशीर्षकवाली
मी इंग्रजी मालिकांची उपशीर्षकं मराठीत करते. त्यात 'गेट' (get) हे क्रियापद सतत आडवं येतं. शब्दकोशात मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे अशी रांगच आहे. 'आय गेट इट'ला 'कळलं' लिहून पुढे जाता येतं. घोडं अडतं ते 'आय गॉट टु सी हर' आणि 'आय हॅव गॉट टु सी हर' इथे. त्यात पात्रं 'हॅव' अर्धवट गिळतात. शिवाय 'गॉट हिम टु टॉक' आणि 'मेड हिम टॉक' यांतला फरक कसा दाखवायचा?

व्याकरणखोर
यादी मिटा आणि 'गेट'च्या पुढे काय येतंय ते बघा. नाम आलं तर बहुधा मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं तर होणे. 'गेट अँग्री' म्हणजे चिडणे. ठिकाण आलं तर पोचणे. 'गॉट द कार फिक्स्ड' तर आपलं सरळ 'गाडी दुरुस्त करून घेतली'.

आता तुमची जोडी. 'आय गॉट टु सी हर' म्हणजे तिला भेटायला मिळालं. संधी होती, ती साधली, विषय संपला. 'हॅव गॉट टु' म्हणजे भेटलंच पाहिजे, भेट अजून व्हायचीय. 'हॅव' ऐकू येत नसेल तर काळ तपासा. वाक्यात 'यस्टरडे' असेल तर सक्तीचा अर्थ बाद, कारण कालच्या सक्तीला इंग्रजीत 'हॅड टु' लागतं. उच्चार 'गॉटा' असेल तर मात्र डोळे मिटून 'पाहिजे' लिहा.

जुनाजाणता
'गॉट हिम टु टॉक' = बोलतं केलं. 'मेड हिम टॉक' = बोलायला लावलं. पहिल्यात गोडीगुलाबी, चिकाटी, कधी थोडी लबाडीही; दुसऱ्यात जबरदस्ती. पोलीस चौकशीचा प्रसंग असेल तर ही निवड चुकवू नका, पात्राचा स्वभावच बदलतो.

शब्दांचा नाद
पात्र अमेरिकन असेल तर 'गॉटन'कडे लक्ष द्या. त्यांच्याकडे 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतलीय. ब्रिटिश दोन्हीकडे 'गॉट'च वापरतात. (अवांतर: हे क्रियापद इंग्रजीत व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलं. 'फर्गेट' मात्र त्याच कुळातलं, पण जुन्या इंग्रजीतलं घरचंच.)

उपशीर्षकवाली
'बोलतं केलं' लगेच उचललं, अक्षरंही कमी लागतात! मग 'दे आर मॅरीड' आणि 'दे गॉट मॅरीड' यांतही असंच काही?

व्याकरणखोर
हो. पहिलं 'लग्न झालेलं आहे', दुसरं 'लग्न केलं'. 'गॉट'मध्ये घटना असते.