तीन अक्षांच्या मिलिंग मशीनसाठी कॅम सॉफ्टवेअर शिकण्याची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – साकीनाक्याचा गाळा

नमस्कार. साकीनाक्याला आमचा लहानसा गाळा असून त्यात वडिलांनी घेतलेले एम१टीआर मिलिंग मशीन आहे. गेली ११ वर्षे मी ते हाताने चालवत आलो आहे. अलीकडे तिन्ही अक्षांना बॉल स्क्रू आणि मोटारी बसवून घेतल्या. कंट्रोलर म्हणून संगणकावर माक-३ हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर आहे, आणि सरळ रेषेतील कामांचा जी-कोड (मशीनला चाली सांगणाऱ्या सूचना) मी स्वतः लिहितो. आता एका गिऱ्हाइकाने ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट मागितले आहेत, ज्यांच्या मधोमध वक्र कडांचे पॉकेट (आत कोरलेला खळगा) आहे, आणि ते हाताने लिहिणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. आराखड्यावरून जी-कोड काढून देणारे कॅम सॉफ्टवेअर उघडले की शेकडो रकाने समोर येतात. त्यांतील कोणता आकडा खरोखर महत्त्वाचा, हे मला उमगत नाही. मशीन एकच आहे आणि घर त्यावरच चालते, त्यामुळे मोडतोड करत शिकणे मला परवडणारे नाही. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) मिनिटाला जास्तीत जास्त ३००० फेरे घेतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – भांडुपचा प्रोग्रामर

तुम्ही हाताने काम करताना जे निर्णय घेत होता, तेच सॉफ्टवेअर तुम्हाला विचारत असते: जॉब (कापायचा तुकडा) कसा धरला आहे, शून्य कोठे आहे, कटर कोणता, एका वेळी किती खोल जायचे आणि कोणत्या दिशेने कापायचे. म्हणून रकाने वरून खाली भरत जाण्याऐवजी याच क्रमाने भरा.

शून्याचा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त करा. पडद्यावर जेथे शून्य ठेवाल तेथेच मशीनवर जी५४ चे, म्हणजे जॉबसाठी ठरवलेले, शून्य लावता आले पाहिजे, आणि ती जागा काम संपेपर्यंत शाबूत राहिली पाहिजे. अनेक जण झेडचे शून्य कच्च्या मालाच्या माथ्यावर ठेवतात. पहिल्याच फेसिंगमध्ये (माथा सपाट करताना) तो माथा कापला जातो आणि दुसऱ्या कटरची लांबी लावताना आधार उरत नाही. जॉब पॅरलल पट्ट्यांवर बसवणार असाल तर पट्टीचा माथा शून्य धरा, आणि एक्स-वायसाठी व्हाइसचा स्थिर जबडा व एक ठरलेली कड घ्या.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. ॲल्युमिनियममध्ये १० मिलिमीटरच्या कार्बाइड कटरसाठी मिनिटाला २०० मीटरचा वेग गृहीत धरला, तर सॉफ्टवेअर सुमारे ६३६६ फेरे काढते, आणि दोन दातांना प्रत्येकी ०.०५ मिलिमीटर धरून सुमारे ६३७ मिलिमीटर प्रति मिनिट इतका फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) देते. तुमचा स्पिंडल मात्र ३००० वरच थांबेल. फीड तसाच राहिला तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.१ मिलिमीटरहून अधिक माल येईल, म्हणजे ठरवल्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि कटर मोडल्यावर दोष मात्र कटरला दिला जाईल. म्हणून टूल लायब्ररीत (सॉफ्टवेअरमधील कटरांच्या यादीत) फेरे ३००० असे ठाम लिहा; मग फीड ३०० येईल.

दिशेबाबत एक सांगतो. जुन्या लीड स्क्रूमध्ये ढिलाई असल्यामुळे क्लाइंब पद्धतीने (दात आणि टेबल एकाच दिशेने सरकतात अशा) कापताना कटर टेबलाला ओढून घेत असे, त्यामुळे तुमच्या हाताला उलट दिशेची सवय असणार. बॉल स्क्रू घट्ट असतील तर क्लाइंब वापरायला हरकत नाही, बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून तीच दिशा निवडते आणि ॲल्युमिनियमवर पृष्ठभागही चांगला येतो. तरीही आधी डायल इंडिकेटर लावून तिन्ही अक्षांची ढिलाई एकदा मोजून घ्या.

पॉकेटमध्ये कटर सरळ खाली न घुसवता रॅम्पने (तिरपा) किंवा हेलिक्सने (गोल फिरवत) उतरवा. आतील कोपऱ्यांची त्रिज्या ६ मिलिमीटर असेल तर १० चा कटर तेथे न अडखळता वळतो. ती नेमकी ५ असेल तर ८ चा कटर घ्या.

उत्तर – वसईहून

वरील सर्व मुद्दे योग्य आहेत. सॉफ्टवेअर निवडताना परवान्याकडेही लक्ष द्यावे. फ्यूजन या कॅड-कॅम सॉफ्टवेअरची मोफत वैयक्तिक आवृत्ती व्यावसायिक कामासाठी नाही, आणि २०२० पासून तिच्यात जलद सरकण्याच्या चाली साध्या फीडने निघतात. तुम्ही गिऱ्हाइकाचे काम करता, त्यामुळे एक तर वर्गणी भरावी किंवा फ्रीकॅड वापरावे. फ्रीकॅड पूर्णपणे मुक्त असून धंद्यासाठी वापरण्यास आडकाठी नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. तीन अक्षांच्या पॉकेट, प्रोफाइल आणि ड्रिलिंगसाठी ते पुरेसे आहे.

प्रत्यक्ष शिकवणी हवी असेल तर चुनाभट्टीच्या आयडेमी या केंद्र सरकारच्या संस्थेत चौकशी करा. तेथे टूल रूम आहे आणि कॅड-कॅमचे प्रशिक्षणही दिले जाते. कटर नागदेवी स्ट्रीटवर मिळतील, पण सरावासाठी स्वस्त एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) घ्या आणि फेरे त्या मानाने कमी करा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. फ्रीकॅडमध्ये पॉकेट तयार केले आणि सिम्युलेशन उत्तम दिसले, परंतु तीच फाइल माक-३ मध्ये उघडल्यावर पडद्यावर टेबलापेक्षाही मोठी वर्तुळे दिसतात. मी मशीन सुरू केलेले नाही.

उत्तर – भांडुपचा प्रोग्रामर

थांबलात हे फार बरे केलेत. सॉफ्टवेअरमधील सिम्युलेशन कटरचा मार्ग दाखवते. तुमचा कंट्रोलर तो कोड कसा वाचेल हे त्याला ठाऊक नसते. त्या मार्गाचे कंट्रोलरच्या कोडमध्ये भाषांतर पोस्ट-प्रोसेसर, म्हणजेच पोस्ट, करतो. जी२ आणि जी३ या कमानीत कापण्याच्या सूचनांमधील आय व जे हे आकडे कमानीच्या आरंभबिंदूपासून केंद्राचे अंतर सांगतात की केंद्राची शून्यापासूनची जागा, याबाबत तुमच्या पोस्टचे आणि माक-३ चे एकमत नाही. माक-३ च्या सामान्य सेटिंगमध्ये आयजे मोड इन्क्रिमेंटल (आरंभबिंदूपासूनचे अंतर) करा, किंवा फाइलच्या आरंभी जी९१.१ लिहा. पोस्ट निवडतानाही माक-३ साठीचाच घ्या. आरंभी मिलिमीटरसाठी जी२१ आणि ॲब्सोल्यूटसाठी (मापे शून्यापासून मोजण्यासाठी) जी९० आहे की नाही, हेही डोळ्यांनी तपासा. त्यानंतर झेडचे शून्य ५० मिलिमीटर वर उचलून संपूर्ण प्रोग्राम हवेत चालवा, सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीनंतर थांबत), आणि एक हात आणीबाणीच्या बटणावर ठेवा.

प्रश्नकर्ता

आयजे मोड बदलताच वर्तुळे जागेवर आली. हवेत दोनदा चालवून काल पहिला ब्रॅकेट कापला. पॉकेटची रुंदी ०.०४ मिलिमीटर कमी भरली. कटर मायक्रोमीटरने मोजला तर तो १० ऐवजी ९.९६ निघाला, लायब्ररीत तो आकडा लिहून कोड पुन्हा काढला आणि दुसरा ब्रॅकेट मापात आला. उरलेले अठरा या आठवड्यात करतो.